हैबतरावांच्या फियाटमधला काटा

कासार आंबोलीच्या फाट्यावर उतरून जुनी गाडी कुठं दाखवायची असं विचारलं, की माणूस बोट दाखवतो हैबतराव धुमाळांच्या पत्र्याच्या शेडकडं, पण नाव घेतो साधनाचं. शेड बापानं उभी केली, चालवते लेक. आता ह्याचं कुणाला नवल वाटत नाही. सुरुवातीला वाटायचं. गाडी घेऊन आलेला माणूस आत डोकावून विचारायचा, मिस्त्री कुठं गेले. मग गाडीखालून साधनाचा आवाज यायचा, "मिस्त्री हितंच हाय. बॉनेट उघडा."

हैबतराव उमेदीच्या वयात पुण्यातल्या एका गॅरेजात शिकले. तिथला मालक गेला, गॅरेज बंद पडलं, तसे ते गावी आले आणि रस्त्याकडेच्या आपल्याच वावरात त्यांनी शेड टाकली. पौड रस्त्याला तेव्हा आजच्यासारखी वर्दळ नव्हती. दूधवाल्यांच्या मोटारसायकली, एखादा टेम्पो, शनिवार-रविवारी बंगल्यावर येणारी पुण्याची मंडळी. त्यातल्याच एका डॉक्टरांनी परदेशी जाताना आपली बंद पडलेली फियाट हैबतरावांच्या दारात सोडली. चालली तर तुमची, म्हणाले. हैबतरावांनी ती चालवली, आणि तिला असं रूप दिलं की आसपासच्या गावांतल्या नवऱ्यामुली त्याच गाडीतून सासरी जायला लागल्या. अडलेल्या बाया त्याच गाडीतून पौडच्या दवाखान्यात पोचल्या. गाडीचा रंग दुधावरच्या सायीसारखा. हैबतराव तिला रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायचे आणि सारजाबाई, त्यांच्या मंडळी, ओट्यावरून म्हणायच्या, एवढ्या मायेनं माझ्या पाठीवर कधी हात फिरवला न्हाई.

साधना ह्या गाडीबरोबरच वाढली. थोरला किशोर शेडकडं फिरकायचा नाही. त्याला हात काळे करायचे नव्हते. पुढं त्यानं जमिनीच्या एका तुकड्यावर खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले, आणि त्यात तो सुखी आहे. साधनाचा पाय मात्र उघड्या इंजिनापाशी अडकायचा. कार्बोरेटरमधले, पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे जेट रॉकेलात धुवायला तिनं एकदा आईची चहाची गाळणी नेली आणि काम झाल्यावर गुपचूप खिळ्याला परत टांगली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना रॉकेलच्या वासाचा चहा मिळाला. सारजाबाईंनी पोरीला बदडलं. हैबतरावांनी पोरीला वेगळी गाळणी आणून दिली.

पुढं ती आयटीआयला गेली, मोटार मेकॅनिकच्या वर्गात. गावात कुजबुज झाली, हैबतरावांनी ती कानाआड केली. पण ज्या गोष्टीनं गावाची कुजबुज कायमची थांबली ती घडली साधनाच्या स्वतःच्या लग्नात.

नवरा अंबडवेटचा, राजू नावाचा, लवळ्याच्या एका कॉलेजची बस चालवणारा. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि नवरानवरीला घेऊन फियाट निघाली. चालवायला खुद्द हैबतराव, डोक्याला फेटा बांधून. अर्ध्या वाटेत गाडीनं दोन-चार आचके दिले आणि ती थांबली. हैबतराव उतरले, बॉनेट उघडलं, पण लेक निघाली म्हणून त्यांचे डोळे भरलेले, पाना काही नटावर बसेना. मागच्या टेम्पोतलं वऱ्हाड उतरून भोवती उभं राहिलं. तेव्हा साधना खाली उतरली. मुंडावळ्या कानामागं सारल्या, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, कार्बोरेटरचा जेट काढला, फुंकून साफ केला आणि बसवला. राजू तेवढा वेळ शालूला तेल लागू नये म्हणून पदर धरून उभा होता. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. साधनाच्या सासूनं तिथंच ओळखलं की ही सून घरात बसायची नाही, आणि तिला तसं कुणी बसवलंही नाही. ती रोज अंबडवेटहून स्कूटरवर शेडवर यायला लागली. हैबतरावांनी ही कहाणी पुढं गॅरेजात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. दर खेपेला वऱ्हाडाचा आकडा वाढत गेला.

मग हैबतरावांचा गुडघा गेला. गाडीखाली सरपटणं जमेना, तसे ते शेडबाहेरच्या बाजेवर बसून नुसत्या आवाजावरून सल्ला द्यायला लागले. साधना ऐकायची. कधी पटलं नाही तरी हो म्हणायची आणि आपल्याला हवं ते करायची. हे दोघांनाही ठाऊक होतं.

जुन्या गाड्यांचा मेळा सुरू झाला तो नरहरीमुळं. नरहरी मूळचा लातूरकडचा, आयटीत नोकरीला, महाळुंग्याच्या एका उंच इमारतीत राहणारा. आजोबांची जुनी जीप त्यानं हौसेनं गावाहून आणली होती आणि तिच्या दुखण्यापायी तो साधनाच्या शेडवर यायला लागला. मोठा अभ्यासू माणूस. काही अडलं की रात्रभर वाचून सकाळी फोन करायचा. साधनाला ते आवडायचं, कारण त्याचं वाचलेलं आणि तिचं हातानं केलेलं एकमेकांना जोडून पाहता यायचं. तोच म्हणाला, पुण्यात-मुळशीत एवढ्या जुन्या गाड्या आहेत, वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून लवळ्याहून मुळशी धरणापर्यंत जाऊ. पहिल्या दोन वर्षांत मेळा गाजला. तिसऱ्या वर्षी नरहरी काळजीचं तोंड करून आला. कुठल्याशा दुसऱ्या गावच्या मेळ्यात एक गाडी उभ्या उभ्या जळाली होती. माणसं वाचली, गाडीचा सांगाडा उरला. कारण निघालं पेट्रोलचा काटा.

हा काटा म्हणजे पेट्रोल किती जोरानं येतंय ते दाखवणारं मीटर. जुन्या गाडीचं इंजिन तापलं की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि गाडी घाटात आचके देऊन थांबते. मग मालकाला वाटतं, पंपाचा जोर डोळ्यांपुढं दिसायला हवा. बाजारात चकाकणारे काटे मिळतात. पेट्रोलच्या पाइपला मध्येच छेद द्यायचा, पितळी तीनतोंडी जोड घालायचा, तिथून रबरी नळी काढायची आणि काटा लावायचा. इंजिनापाशीच लावला तरी तो हादऱ्यानं सैल होतो. पण हौशी माणसाला तो चालवता चालवता बघायचा असतो, म्हणून नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते. म्हणजे जोर लावलेलं पेट्रोल बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांपाशी.

साधना आणि नरहरीनं ह्याचा छडा लावायचं ठरवलं. बाजारात मिळणाऱ्या नळ्यांचे तुकडे त्यांनी काचेच्या बरण्यांत, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात बुडवून ठेवले. काही आठवड्यांनी काढले तर साध्या नळ्या फुगून भिजलेल्या पापडासारख्या झाल्या होत्या; साधनानं नखानं दाबलं तर नखाची खूण तशीच राहिली. पेट्रोलसाठीच बनवलेली नळी तेवढी शाबूत होती. नरहरीनं परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळांचे नियम वाचून काढले. दोघांनी मिळून मेळ्यासाठी नियम केला, की पेट्रोल माणसांच्या बाजूला येता कामा नये. इंजिनापाशी काटा लावून तपासणी करा, आणि तपासणी झाली की काढून ठेवा. एका मालकानं हुज्जत घातली तेव्हा साधना म्हणाली, "ताप बघितल्यावर थर्मामीटर काखंत ठिवून कुणी गावभर हिंडतं का?" तो हसला आणि त्यानं काटा काढला. तेव्हापासून मेळ्यातली प्रत्येक गाडी निघण्याआधी साधनाच्या हाताखालून जायला लागली. जी तिला पटली तिच्या काचेवर ती पिवळा कागद चिकटवायची. पिवळा कागद नाही तर मेळ्यात गाडी नाही. कोथरूड, बाणेर, तळेगाव, कुठून कुठून आलेले मालक तिच्यापुढं बॉनेट उघडून उभे राहायचे, आणि लांब खुर्चीवर बसलेले हैबतराव शेजाऱ्याला सांगायचे, ती माझी लेक.

यंदाचा मेळा जानेवारीतल्या एका रविवारी होता. लवळ्याच्या टेकडीवरच्या मैदानात सकाळपासून गाड्या लागल्या होत्या. पोरं फोटो काढत होती, वडापावच्या गाडीवर गर्दी होती. आणि हैबतराव यंदा खुर्चीवर नव्हते. ते रांगेत होते, फियाटच्या स्टिअरिंगवर, पांढराशुभ्र सदरा आणि डोक्याला फेटा. शेजारी सारजाबाई नव्या साडीत. फियाट पहिल्यांदाच मेळ्याला निघाली होती. आंबोलीची बरीच मंडळी ती बघायला मुद्दाम वर आली होती.

साधनापुढं नंबर लावलेल्या गाड्या पुढं सरकत होत्या. फियाट आली तेव्हा तिला आतून भरून आलं. बापानं गाडीचं सोनं केलं होतं. तिनं चाकं पाहिली, ब्रेक पाहिले, बॉनेट उघडलं, आणि पंपापाशी तिला नवा पितळी जोड दिसला. त्याच्यातून निघालेली काळी नळी पत्र्याच्या भोकातून आत गेली होती. तिनं टॉर्च हातात घेतला, दार उघडून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आईच्या पायांच्या वर, रेडिओच्या जागेशेजारी, चकाकता काटा बसवला होता. त्याच्यात पिवळा दिवासुद्धा लावलेला.

"आबा, ह्यो कधी बसवला?"

"झालं थोडं दिस. तुला दावणारच हुतो." हैबतरावांच्या आवाजात लहान मुलासारखी खुशी होती. मागल्या उन्हाळ्यात ताम्हिणी घाटात गाडी थांबली होती तेव्हापासून त्यांच्या मनात होतं. घरच्या अंगणात बसून, गुडघा चोळत चोळत, एकट्यानं केलं होतं सगळं; नियम हौशी लोकांच्या हाताला, मिस्त्रीच्या हाताला नाही, असं त्यांनी मनात धरलं होतं. "बघ कसा. हादऱ्यानंबी हालत न्हाई."

साधनानं नळी दोन बोटांत धरली. नळी मऊ लागली. तिनं हळू आवाजात सांगितलं, की पेट्रोल आत आलंय, नळी साधी आहे, हे काढावं लागेल. आत्ताच काढू, वेळ लागणार नाही, जुना पाइप सरळ जोडू, आणि तुम्ही मेळ्याच्या पुढं चला. हैबतराव आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती खरंच म्हणतेय. मागच्या गाड्यांतले लोक उतरून बघत होते. आंबोलीची मंडळी पुढं सरकली होती.

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागायचा न्हाई," ते म्हणाले.

"मी दुसरी हाय का आबा?"

"आज हायेस."

साधनानं वळून नरहरीकडं पाहिलं. तो जवळच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपण होतं. हैबतरावांना तो काका म्हणायचा, त्यांच्या घरी जेवलेला होता. क्षणभर तिला वाटलं, हा म्हणणार, जाऊ द्या, एवढ्या वेळेला. पण तो म्हणाला, "ताई, नियम आपण दोघांनी केलाय. तुम्ही म्हणाल ते."

साधनानं बॉनेट खाली घेतलं. हातातला पिवळा कागद तिनं घडी करून खिशात ठेवला. "न्हाई जमायचं आबा," ती म्हणाली. "गाडी हितंच ठिवा. राजू तुमाला दुसऱ्या गाडीत बसवील."

हैबतरावांनी गाडी चालू केली. सारजाबाई त्यांच्या दंडाला धरून सांगत होत्या, ऐका पोरीचं, पण त्यांनी गाडी रांगेबाहेर काढली आणि फाटकातून खाली वळवली. साधना आडवी जाणार तोवर गाडी निघून गेली होती. तिला बापाचा स्वभाव पुरता माहीत होता. आता ते घरी जाऊनच थांबतील, कुणी हात केला तरी थांबणार नाहीत. तिनं नरहरीला रांग धरून ठेवायला सांगितलं, मैदानावरचा आग विझवायचा लाल सिलिंडर स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि ती त्यांच्यामागं निघाली.

टेकडीच्या वळणांवर तिला फियाट दिसायची आणि लपायची. उताराला ती जवळ पोचली तेव्हा वाऱ्यावर पेट्रोलचा वास आला. थोडा, पण तिच्या नाकाला पुरेसा. तिनं हॉर्न दिला, हात केला. हैबतरावांनी आरशात पाहिलं. त्यांना वाटलं, समजूत घालायला आली. त्यांनी गाडी आणखी जोरात सोडली. साधना बाजूला येऊन ओरडत राहिली, पण बंद काचेतून त्यांना काहीच ऐकू गेलं नाही.

लवळे फाट्याच्या अलीकडं रस्ता सपाटीला लागतो तिथं फियाट एकदम कडेला वळली आणि थांबली. काट्याच्या मागची नळी त्याच्या तोंडावरून निसटली होती आणि पेट्रोलची धार सारजाबाईंच्या पायांवर, साडीवर उडाली होती. हैबतरावांनी तत्क्षणी किल्ली बंद केली. इतक्या वर्षांचा हात होता, तो चुकला नाही. इंजिन थांबलं, तसा पंपही थांबला. साधनानं स्कूटर तशीच टाकली, आईच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला काखेत धरून बाहेर ओढलं.

समोरच एक चहाची टपरी होती. टपरीवाली शारदा मदतीला धावत पुढं आली. साधनानं आधी तिला थांबवलं. "मावशी, पयला स्टोव्ह बंद करा. मग पाणी द्या." शारदानं उलट पावली मागं जाऊन स्टोव्ह मालवला, आणि कळशी घेऊन आली. सारजाबाईंच्या पायांची आग होत होती, पण त्या उभ्या होत्या.

"आबा, तुमीबी उतरा," साधना म्हणाली.

हैबतराव उतरले आणि गाडीच्या पुढून फिरून आले, तेवढ्यात डॅशबोर्डखाली निळसर उजेड झाला. काट्यातल्या दिव्याची तार त्यांनी सरळ बॅटरीवरून घेतली होती, किल्ली बंद असली तरी काटा दिसावा म्हणून. पत्र्याच्या भोकाशी ती तार घासली होती. ठिणगी पडली आणि चटईवर सांडलेलं पेट्रोल फूत्कार टाकून पेटलं. ज्या जागी मघाशी सारजाबाई बसल्या होत्या तिथून ज्वाळा काचेला लागली.

साधनानं सिलिंडरची पिन ओढली आणि दारापाशी गुडघा टेकून पांढऱ्या पावडरीचा झोत आगीच्या बुडाशी धरला. वरच्या ज्वाळेकडं तिनं पाहिलंच नाही. धग चेहऱ्यावर आली, भुवया करपल्या, पण तिनं हात हलवला नाही. आग खाली बसली, पुन्हा एकदा सीटखालून उसळली, आणि मग विझली. बऱ्याच वेळानं, धूर निवला, वास कमी झाला, तेव्हा तिनं बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवली. सीटचा अर्धा भाग, डॅशबोर्ड, छताचं कापड जळालं होतं. इंजिन वाचलं होतं. टाकीपर्यंत काही गेलं नव्हतं.

शारदा सारजाबाईंना टपरीमागच्या आपल्या घरात घेऊन गेली. पाय धुतले, आपली एक साडी त्यांना नेसायला दिली. हैबतराव रस्त्याकडेच्या दगडावर बसून होते. फेटा त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. साधना त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं की त्यांना रडू येईल, किंवा ते गाडीबद्दल बोलतील.

"तू सिलिंडर घिऊन आलीस," ते म्हणाले.

"व्हय."

"म्हंजी तुला ठावं हुतं."

"ठावं नव्हतं आबा. भ्या वाटलं."

त्यांनी मान हलवली. मग ते उठले, गाडीत वाकून जळक्या डॅशबोर्डवरून तो काटा उपटून काढला. काच तडकली होती. तो त्यांनी फेट्याच्या कापडात गुंडाळला. सारजाबाई शारदाच्या साडीत बाहेर आल्या आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "माजी नवी साडी गेली. आता तरी पोरीचं ऐका." राजूला फोन झाला, तो बस घेऊन सासू-सासऱ्यांना घरी न्यायला निघाला. हैबतराव मात्र घरी जायला तयार नव्हते.

"मला वर घिऊन चल," ते लेकीला म्हणाले. "मैदानावर."

साधनानं त्यांना स्कूटरवर मागं बसवून आणलं. तिच्या तोंडाला काजळी, त्यांच्या सदऱ्याला काळे डाग, डोकं उघडं. लोक गोळा झाले. नरहरीनं धावत येऊन दोघांना आधी पाणी दिलं. हैबतरावांना व्यासपीठावर चढायचं नव्हतं. ते रांगेच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी फेट्यातून तो काटा काढून वर धरला.

"माझी गाडी हिनं मघाशी मेळ्यातनं काढली, तुमी सगळ्यांनी बघितलं," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "मला राग आला, मी गाडी घिऊन गेलो. खाली फाट्यापाशी ती पेटली. माझी बायको त्याच सीटवर बसली हुती. साधना मागनं आली म्हणून ती आज हाय. मी सारा जलम गाड्या दुरुस्त केल्या. तरीबी चुकलो. ज्याच्या गाडीत असलं काय आत आणलंय, त्यानं आत्ता सांगा. लाजू नका. मी लाजत न्हाई."

मग बाणेरहून आलेला एक मध्यमवयीन गृहस्थ पुढं आला. त्याच्या गाडीवर पिवळा कागद होता. तपासणीआधी त्यानं पितळी जोडावर काळी पट्टी गुंडाळली होती आणि नळी वळवून डॅशबोर्डच्या खणात सारली होती, कुणाला दिसू नये म्हणून. आता त्यानं खण उघडून दाखवला. त्याच्यामागं आणखी दोघं आले. रांगेत अजून न तपासलेल्या गाड्यांतून आणखी काही.

हैबतराव त्या दुखऱ्या गुडघ्यावर पहिल्या गाडीपाशी बसले. साधनानं त्यांना उठवायचा प्रयत्न केला, त्यांनी ऐकलं नाही. तिच्या पेटीतला पाना त्यांनी मागून घेतला. जोड सोडवला, नळी काढली, नरहरीनं आणलेली पेट्रोलची नळी कापून सरळ बसवली, क्लिपा आवळल्या. मग त्यांनी हात पुसले आणि सगळ्यांसमोर लेकीला म्हणाले, "बघ, बराबर बसलाय का."

साधना खाली वाकली. क्लिप चांगली आवळलेली होती, जोड कोरडा होता. बापानं आजवर तिला काम तपासायला दिलं होतं ते शिकवण्यासाठी. हे तसं नव्हतं. तिनं पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. "बराबर हाय," ती म्हणाली, आणि काचेवर पिवळा कागद चिकटवला. मग दोघं पुढच्या गाडीकडं गेले.

मेळा त्या दिवशी उशिरानं निघाला, पण निघाला. उन्हात चमकत एकेक गाडी टेकडी उतरली. फाट्यापाशी जळकी फियाट उभी होती, तिच्याशेजारून जाताना प्रत्येक मालकानं वेग कमी केला. धरणाच्या काठी जेवणं झाली. हैबतराव नरहरीच्या जीपमधून आले होते. त्यांना भेटायला माणसं येतच होती, आणि ते प्रत्येकाला हातानं साधनाकडं दाखवत होते.

फियाट दुरुस्त व्हायला पावसाळा लागला. डॅशबोर्ड भंगारातून शोधून आणला, छताचं कापड पौडच्या एका कारागिरानं शिवलं. बाप आणि लेक दोघांनी मिळून काम केलं, आणि भांडलेही, कारण हैबतरावांना सीटचा जुनाच रंग हवा होता आणि साधनाला तो आवडत नव्हता. जुनाच रंग आला. तो तडकलेला काटा आता शेडच्या पत्र्यावर आहे, खिळ्याला टांगलेला, आणि कुणी तसलं मीटर बसवून मागायला आलं तर साधना नुसतं तिकडं बोट करते. उरलेलं हैबतराव सांगतात. लग्नातल्या वऱ्हाडाची कहाणी आता मागं पडली आहे.

मेळ्याची गोष्ट बाहेर गेली. दिवाळीनंतर वाईच्या जुन्या गाड्यांच्या मंडळानं साधनाला तपासणीसाठी बोलावलं. मुळशीबाहेर तिचं हे पहिलं काम. हैबतराव न विचारता तिच्याबरोबर निघाले, मांडीवर तिची अवजारांची पेटी धरून. तिथल्या मैदानावर संयोजकांनी साधनाला मानानं पुढं नेलं, चहा दिला, आणि मागून पेटी घेऊन लंगडत येणाऱ्या म्हाताऱ्याकडं बघून विचारलं, "आणि हे कोण?"

साधना सांगायला वळली. त्याआधीच हैबतरावांनी पेटी खाली ठेवली, कंबर सरळ केली.

"मी हिच्या हाताखाली असतो," ते म्हणाले, आणि तिच्यापुढं टॉर्च धरला.